पूरग्रस्तांना मदत पाठवायची आहे? आधी पैशाची वाट तपासा

नदीनं काठ सोडला की काही तासांत आपल्या फोनवर क्यूआर कोड यायला लागतात. पाण्यात उभी गाय, छपरावर बसलेलं कुटुंब, खाली एक नंबर आणि ‘फूल ना फुलाची पाकळी’ अशी ओळ. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. भाचा, शाळेतले गुरुजी, भजन मंडळातलं कोणीतरी. पण त्यालाही तो कोणीतरी पाठवलेला असतो, आणि त्या कोणीतरीलाही आणखी कोणी. कोड मुळात कोणाच्या खात्याचा आहे, हे त्या अख्ख्या साखळीत कुणी पाहिलेलं नसतं.

आपल्या विदर्भातली खेडी द्यायला मागे सरत नाहीत. स्वतःच्या सोयाबीनची गंजी भिजलेली असताना दुसऱ्याच्या पुरासाठी पायली-दोन पायली धान्य काढून देणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. म्हणूनच हा लेख लिहिते आहे. तालुक्याच्या ठिकाणी लहान संस्थांची दप्तरं लिहायचं माझं काम आहे. एखादी संस्था देणगीचं काय करते, ते तिच्या भाषणापेक्षा तिच्या पावतीपुस्तकात आणि रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लवकर कळतं. ते कसं पाहायचं हे शेतकऱ्याला, बचत गटातल्या बाईला, गणपती मंडळातल्या पोराला सहज जमण्यासारखं आहे.

सगळ्या तपासणीचा गाभा एकच. आपल्या हातातून सुटलेला रुपया पूरग्रस्ताच्या दारापर्यंत कोणाकोणाच्या हातातून जातो ते विचारायचं, आणि त्यातला प्रत्येक हात हिशेब लिहितो का ते पाहायचं. सोयाबीनचं बियाणं घेताना आपण दुकानदाराला पक्कं बिल मागतो, पिशवीवरचा लॉट नंबर पाहतो, आणि त्यात दुकानदाराचा अपमान होतो असं कुणाला वाटत नाही. दानाच्या वेळी मात्र ‘विचारायचं कसं’ म्हणून जीभ अडखळते. ती अडखळू देऊ नका.

पहिलं काम: एक-दोन दिवस थांबा

हे ऐकायला कठोर वाटेल, पण पाणी चढत असतानाच्या त्या तासांत तुमच्या पाचशे रुपयांनी कुणाचा जीव वाचत नाही. ते काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, राज्याच्या दलाचं (त्याच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात), जिल्हाधिकारी कार्यालयाचं, आणि सगळ्यात आधी धावणाऱ्या गावच्या ढिवर-भोई बांधवांच्या डोंग्यांचं. आपला पैसा लागतो तो पाणी उतरल्यावर. म्हणजे चौकशी करायला एक-दोन दिवस हातात असतातच. ‘आजच पाठवा, रात्री बारापर्यंतच’ असा तगादा कोणी लावला, तर तिथेच हात आखडता घ्या. पुराची गरज एका रात्रीत संपत नाही. खरी संस्था उद्या आलेले पैसेही आनंदानं घेते.

दुसरं: कशासाठी द्यायचं ते आधी ठरवा

संस्था निवडण्याआधी गरज समजून घेतली की अर्धी निवड आपोआप होते.

पहिल्या पंधरवड्यात शिजवलेलं किंवा कोरडं अन्न, पिण्याचं पाणी, ताडपत्री, चटई, मच्छरदाणी, सॅनिटरी पॅड, औषधं आणि जनावरांना चारा लागतो. हे सगळ्यांना दिसतं, म्हणून मदतही यावरच तुटून पडते. मग कॅमेरे जातात, ट्रक थांबतात, आणि त्यानंतर खरा कठीण काळ सुरू होतो. विहिरीत गाळ, खरवडून गेलेली जमीन, पडलेली मातीची भिंत, वाहून गेलेलं मोटारपंपाचं स्टार्टर, भिजलेली दहावीची गुणपत्रिका. रब्बीची पेरणी तोंडावर आणि घरात बियाणं नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली अशा पाचही जिल्ह्यांत नदीकाठची गावं बुडाली. उभा धान पाण्याखाली गेला. पाणी उतरायला काही दिवस लागतात, धानाचा हंगाम मात्र पुढच्या वर्षीच येतो. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथल्यासारखं पुनर्वसन हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नसतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. अशा कामाला वर्षानुवर्षं पैसा लागतो, आणि तो पहिल्या आठवड्याच्या उमाळ्यातून येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: द्यायचे असलेले पैसे दोन भागांत द्या. थोडे लगेचच्या मदतीला, उरलेले दोन-तीन महिन्यांनी, जी संस्था तेव्हाही त्या गावात काम करत असेल तिला. कोण टिकलं आणि कोण फोटो काढून गेलं, हे तोवर आपोआप कळलेलं असतं.

यातच आणखी एक गोष्ट येते आणि ती फार महत्त्वाची आहे. सरकारी मदत पंचनाम्यावर मिळते. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असावं लागतं, आणि भरपाई सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा होते. मग ज्यानं बटईनं किंवा मक्त्यानं जमीन केली, बियाणं-खतं उधारीवर आणली, त्याच्या वाट्याला काय? शेतमजुराची बुडालेली मजुरी कुठल्या रकान्यात लिहायची? सासऱ्याच्याच नावावर सातबारा राहिलेली विधवा, गावठाणाबाहेर अतिक्रमणात घर असलेलं कुटुंब, वीटभट्टीवरचे परगावचे मजूर, ही माणसं यादीतून सुटतात. चांगली संस्था नेमकी याच लोकांना शोधते. ‘पंचनाम्यात नाव नसलेल्यांची यादी तुम्ही केली आहे का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात संस्थेची अर्धी पारख होते.

तिसरं: मागणारा कोण आहे

पैसे मागणारे साधारण चार प्रकारचे असतात.

पहिला सरकारी निधी, म्हणजे मुख्यमंत्री सहाय्यता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी. इथे संस्थेची पारख करायची नसते. खातं खरंच सरकारी निधीचं आहे ना, एवढंच पाहायचं असतं. खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवरून कधीच उचलू नका. अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, नाहीतर सरळ जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. ज्याला चौकशीत वेळ घालवणं शक्य नाही त्याच्यासाठी हा मार्ग सोपा आहे. पण आपला पैसा कुठल्या गावात, कोणत्या घरात गेला हे इथे कळत नाही. ते चालणार असेल तरच इथे द्या.

दुसरा प्रकार देशभर काम करणाऱ्या मोठ्या संस्थांचा. रेड क्रॉस, रामकृष्ण मिशन, गूंज वगैरे. त्यांची यंत्रणा तयार असते, हिशेब प्रसिद्ध होतात. त्यांना एकच विचारा: या जिल्ह्यात, या पुरात तुमचं काम चालू आहे का, आणि इथं कोणाबरोबर करता? संस्था कितीही मोठी असली तरी ती प्रत्येक पुरात असतेच असं नाही.

तिसरा प्रकार जिल्ह्यातल्या किंवा तालुक्यातल्या नोंदणीकृत संस्थांचा. माझा कल इकडे आहे. ही माणसं पुराआधी त्या गावात होती आणि पुरानंतरही तिथंच राहणार आहेत. मात्र यांचीच तपासणी सगळ्यात काळजीपूर्वक करावी लागते, कारण चांगली आणि नावापुरती अशा दोन्ही संस्था याच गर्दीत असतात.

चौथा प्रकार बिननोंदणीचा. मित्रमंडळ, गणेश मंडळ, कॉलेजची पोरं, एखाद्या ‘समाजसेवका’चं वैयक्तिक खातं, ऑनलाइन वर्गणीची पानं. यातले कित्येक जण अगदी मनापासून राबतात. पण मन साफ असलं तरी हिशेब लिहिलेला नसेल तर शेवटी कुणाच्या हातात काही राहत नाही, ना देणाऱ्याच्या, ना राबणाऱ्याच्या. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाआधी मंडळं जी परवानगी काढतात ती हीच. पुराच्या नावानं पेटी फिरवणाऱ्याकडे ती आहे का, एवढं विचारायला हरकत नाही. ऑनलाइन पानावर देणार असाल, तर जमलेली रक्कम शेवटी कोणाच्या खात्यात पडते ते नाव त्या पानावर शोधा. मोहीम चालवणारा एक आणि खातं भलत्याचंच, असं असेल तर देऊ नका.

चौथं: कागद मागा

महाराष्ट्रात बहुतेक सेवाभावी संस्था १९५० च्या याच कायद्याखाली धर्मादाय आयुक्तालयात नोंदवलेल्या असतात. नोंदणी क्रमांकाच्या आधी एक अक्षर असतं आणि पुढे जिल्ह्याचं नाव. ‘ई’ म्हणजे सार्वजनिक न्यास. ‘एफ’ म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदवून मग न्यास म्हणून नोंदवलेली संस्था. याशिवाय काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून नोंदवलेल्या असतात. त्यांचा तपशील कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. लेटरहेडवर नुसतं ‘शासनमान्य’ किंवा ‘नोंदणीकृत’ लिहिलेलं असेल आणि क्रमांकच नसेल, तर क्रमांक मागा.

क्रमांक मिळाला की आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नेट चालत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय असतं. बाजाराला किंवा बँकेच्या कामाला जाल तेव्हा तिथे डोकावता येईल. तिथे एक उतारा मिळतो, त्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. संस्थेचे आजचे विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे त्यात असतं. हा कागद मला फार बोलका वाटतो. उताऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीचेच विश्वस्त असतील, त्यातले दोन वारलेले असतील आणि विश्वस्त बदलल्याचं कार्यालयाला कळवणारा ‘बदल अर्ज’ कधी दाखलच झाला नसेल, तर ती संस्था कागदावर झोपलेली आहे. सगळे विश्वस्त एकाच आडनावाचे, एकाच घरातले असले तर तो गुन्हा नाही, पण मग हिशेब दुप्पट बारकाईनं पाहा.

नोंदणी क्रमांकाला डोळे झाकून भुलू नका, हेही इथेच सांगते. नोंदणी म्हणजे संस्थेची फाइल सरकारी कपाटात आहे एवढाच अर्थ. नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या संकेतस्थळावरचा क्रमांक हाही संस्थेनं स्वतः माहिती भरून मिळवलेला असतो, कामाच्या दर्जाचा तो दाखला नव्हे.

आयकराच्या सवलतीची नोंदणी असेल तर बरं. ती सगळ्यांच्या तोंडी ‘८०जी’ म्हणून आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोक अजून ८०जीच म्हणतात. शेतीच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना त्या सवलतीचा उपयोग नाही. तरीही ही नोंदणी आहे का ते विचारा. ती असलेल्या संस्थेला देणगीदारांचा तपशील दरवर्षी आयकर खात्याकडे भरावा लागतो, म्हणजे पैशाच्या वाटेवर आणखी एक नजर असते. नोकरदार मुलगा किंवा सून देणगी देणार असेल तर दोन गोष्टी त्यांना सांगा: रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत ही सवलतच नाही.

हिशेबपत्रक कसं वाचायचं

‘आमचं ऑडिट होतं’ असं सगळेच सांगतात. प्रत मागा. धर्मादाय कार्यालयात दाखल करायच्या हिशेबात दोन पानं मुख्य असतात: शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, आणि शेड्यूल नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. आकड्यांची भीती नको, तीन-चार जागा पाहिल्या तरी भागतं.

समजा, एका संस्थेनं गेल्या वर्षी पुरासाठी ८ लाख रुपये जमवले. शेड्यूल नऊमध्ये ‘आपत्ती निवारण’ या सदराखाली ३ लाख खर्च दिसतो. मग ५ लाख कुठे आहेत? ताळेबंदात ‘पूरग्रस्त सहाय्य निधी’ अशा नावानं ५ लाख शिल्लक दाखवलेले असतील आणि बँकेतही तेवढी रक्कम असेल, तर काळजीचं कारण नाही. घरं उभी करायचं काम कदाचित पुढच्या वर्षी व्हायचं असेल. पण त्या नावाचा निधीच नाही, आणि येणे बाजूला ‘उचल’, ‘आगाऊ रक्कम’, ‘विश्वस्तांकडून येणे’ असं काही मोठ्या आकड्यानं बसलेलं असेल, तर त्या संस्थेला पुढची देणगी देऊ नका. ३१ मार्चला ‘हातातील रोख’ किती होती तेही पाहा. लहान संस्थेकडे चार-पाच हजार असणं समजू शकतं. लाख-दीड लाख रोख कपाटात कशासाठी, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

आता उलट बाजूनं. ‘तुमचा शंभर टक्के पैसा गरजूंपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं की लोकांना ती संस्था सगळ्यात प्रामाणिक वाटते. मला ते पटत नाही. ट्रकला डिझेल लागतं, गावात आठ दिवस राहणाऱ्या कार्यकर्त्याला जेवण लागतं, हिशेब लिहिणाऱ्याला पगार लागतो. हा खर्च कोणीतरी करतंच. कोण करतं ते संस्थेनं सांगितलं तर उत्तम. सांगता येत नसेल तर तो खर्च दुसऱ्या सदरात लपवलेला असतो. प्रवासखर्च आणि पगार पत्रकात दिसले म्हणून नाक मुरडू नका. उद्दिष्टावरचा खर्च मोठा आणि आस्थापना खर्च त्याच्या मानानं लहान, एवढं दिसलं की बस.

पाचवं: फोन करा आणि ऐका

कागद स्वच्छ असले तरी एक फोन करायलाच हवा. संस्थेच्या कार्यालयात नको, प्रत्यक्ष मदतीच्या जागी असलेल्या कार्यकर्त्याचा नंबर मागून घ्या.

“भाऊ, सध्या कोणत्या गावात आहात?”

“ताई, आज आम्ही नदीपलीकडच्या टोलीवर आहो. चाळीस घरं आहेत, त्यातली सव्वीस पडली. किराणा कालच एका मंडळानं दिला, म्हणून आम्ही तो नाही देत. ताडपत्र्या आणि जनावराचं पाहून राहिलो.”

असं उत्तर आलं तर निम्मी खात्री पटली समजा. वाडीचा ठावठिकाणा आहे, घरांची मोजदाद आहे, दुसऱ्यांनी काय दिलं ते ठाऊक आहे आणि त्याप्रमाणे आपलं काम बदललेलं आहे. याउलट “आम्ही संपूर्ण जिल्ह्यात कार्यरत आहोत, हजारो कुटुंबांना लाभ दिला” एवढंच ऐकू आलं, तर गावाचं नाव पुन्हा विचारा. मग पुढचे प्रश्न: लाभार्थ्यांची यादी कोणी केली? ग्रामपंचायतीत किंवा ग्रामसभेत ती वाचून दाखवली का? महिनाभरानं काय करणार आहात? हिशेब कधी आणि कुठे मांडाल?

नंतर त्या गावातच चौकशी करा. आपल्याकडे कुठल्याही गावात कोणाचे ना कोणाचे सोयरे निघतातच. सरपंचाला विचाराच, पण सरपंचावर थांबू नका. आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे गुरुजी, पोलीस पाटील यांपैकी एकाला तरी विचारा. सरपंचाच्या दारात वाटप झालं की गावाच्या टोकाच्या घरांना काय मिळालं, हे आशा ताईला बरोबर माहीत असतं, कारण ती प्रत्येक उंबऱ्यावर जाते.

सहावं: पैसे पाठवताना

शक्यतो संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच पाठवा. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. तिथे क्षणभर थांबून ते नाव अक्षर अन् अक्षर वाचा. संस्थेच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं, तर तिथेच मागे फिरा. ‘संस्थेचं खातं सध्या बंद आहे, सचिवांच्या खात्यात टाका’ हे कारण मानू नका. २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला, तेव्हा त्याच्या खऱ्या यूपीआय आयडीसारखेच दिसणारे खोटे आयडी फिरले होते. एकात तर ‘केअर्स’मधला शेवटचा ‘स’ तेवढा गाळलेला होता. वाचताना कुणाच्या डोळ्याला खटकणार?

लक्षात असू द्या, पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘तुमच्या गावासाठी मदत मंजूर झाली आहे, कोड स्कॅन करून पिन टाका’ असा फोन पूरग्रस्तांनाच येतो, आणि आधीच बुडालेल्या माणसाचं उरलंसुरलं खातं रिकामं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे बसून समजावून सांगा. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

रोख दिली तर पावती तिथल्या तिथे घ्या. पावतीवर संस्थेचं छापील नाव आणि नोंदणी क्रमांक, पावतीचा छापील अनुक्रमांक, तारीख, रक्कम अक्षरी आणि अंकी, घेणाऱ्याची सही, आणि ‘कशासाठी’ या रकान्यात ‘पूरग्रस्त मदत’ असं लिहिलेलं हवं. हा शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. तो भरून घ्या, नाहीतर तुमची देणगी सर्वसाधारण निधीत जमा होऊन वार्षिक स्नेहसंमेलनावरही खर्च होऊ शकते. ऑनलाइन दिलेत तरी पावती मागाच, फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे संस्थेची पावती नव्हे.

गावानं मिळून द्यायचं असेल तर

खेड्यात एकेकट्यानं देण्यापेक्षा गावानं मिळून देणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. शंभर घरांचे शंभर फोन संस्थेला जात नाहीत. एक जण चौकशी करतो आणि सगळ्या गावाचा पैसा एका तपासलेल्या जागी जातो. ही जबाबदारी बचत गटाच्या बायांवर सोपवली तर उत्तमच, दर महिन्याला वही लिहायची त्यांना सवय असते.

पद्धत सोपी ठेवा. अनुक्रमांक छापलेलं एकच पावतीपुस्तक. रक्कम मोजताना तीन वेगवेगळ्या घरांतली माणसं हजर. जमलेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज संध्याकाळी दोन आकडे: आज किती आले, एकूण किती झाले. धान्य गोळा केलं तर तेही किलोत मोजून लिहा. पैसे दिल्यावर संस्थेची पावती त्याच फळ्याशेजारी लावा. कोणी किती दिले याची नावानिशी यादी लावू नका, गरीब घराला ओशाळवाणं होतं.

सामानाचा ट्रक भरून न्यायची हौस पोरांना फार असते. हौस चांगली आहे, पण निघण्याआधी तिथल्या तहसील कार्यालयाला किंवा १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या नंबरवर विचारून घ्या. न विचारता गेलेले ट्रक हमरस्त्यावरच्या गावातच रिकामे होतात. तिथे एकाच घरात चार चार किराणा किट साचतात, आणि चिखलातून दोन कोस चालत जावं लागतं त्या टोलीवर काहीच पोचत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे सगळ्या गडचिरोलीला माहीत आहे. अशा वेळी पलीकडे आधीच माणसं असलेली संस्थाच कामाची.

जुने कपडे नेऊ नका. ओल्या वर्गखोलीच्या कोपऱ्यात पडलेले, बुरशी धरलेले शर्ट आणि बिनजोडीच्या साड्या नंतर त्याच गावाला उचलून टाकाव्या लागतात. कपडे द्यायचेच तर नवे द्या, अंतर्वस्त्रं आणि लहान मुलांचे कपडे द्या. त्यापेक्षा जनावरांचा विचार करा. धानाच्या पट्ट्यात तणस, आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कुटार, ज्याच्याकडे कोरडं असेल त्यानं ते द्यावं. पुरात वाचलेली गाय नंतर चाऱ्यावाचून बेभाव विकावी लागली, तर ते घर दुसऱ्यांदा बुडालं.

परदेशातला मुलगा देणार असेल तर

गावचा एखादा मुलगा अमेरिकेत किंवा दुबईत असतो आणि त्याला मोठी रक्कम द्यायची असते. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर बँकेच्या नेहमीच्या मार्गानं तो देऊ शकतो. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते, आणि एफसीआरए म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते. त्यानं तुमच्या खात्यात पाठवून तुम्ही पुढे संस्थेला द्यायचं, हा आडमार्ग वापरू नका. त्यात चांगल्या कामाची लहान संस्था अडचणीत येते.

दिल्यानंतर

महिन्या-दोन महिन्यांनी संस्थेला एक फोन किंवा पत्र. ‘आमच्या गावानं अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या पावतीनं दिलेल्या रकमेचं काय काम झालं?’ एवढं एकच वाक्य. फोटोंचा आग्रह धरू नका. हातात किट धरून कॅमेऱ्याकडे पाहायला लावलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पाहवत नाही, आणि अशा फोटोतून हिशेबही कळत नाही. गावांची नावं, कुटुंबांची संख्या, वस्तू आणि रक्कम एवढं लेखी पुरेसं आहे. गरज संपल्यामुळे पैसे दुसऱ्या कामाला वळवले असतील तर तसं कळवणारी संस्था जपून ठेवा, असा प्रामाणिकपणा सहसा मिळत नाही.

दोनदा-तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर पावतीची झेरॉक्स जोडून जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अर्जात आरोप नको. कोणत्या तारखेला किती दिले, काय विचारलं, काय उत्तर मिळालं किंवा मिळालं नाही, एवढंच लिहा. दहा देणगीदारांनी मिळून एक अर्ज केला तर त्याला वजन येतं.

आणि हे सगळं पूर आल्यावरच सुरू करायचं असं नाही. मे महिन्यात शेतीची मशागत उरकली की मृगाआधी थोडी सवड असते. तेव्हा आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दोन-तीन संस्था निवडून त्यांचे कागद बघून घ्या, जमलं तर एखाद्या कामाला प्रत्यक्ष भेट द्या. गटाच्या किंवा मंडळाच्या वहीत त्यांच्यासाठी एक पान ठेवा: संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, बँक खात्यावरचं नेमकं नाव, आणि फोन उचलून गावाची माहिती सांगू शकेल अशा कार्यकर्त्याचा नंबर.